साधी गाठ, अवघड औषध

"डॉक्टर, गाठ कॅन्सरची नाही ना? मग काढून का टाकत नाही?" आई-वडिलांचा हा प्रश्न रास्त आहे. पण 'प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा' नावाची गाठ मज्जातंतूंच्या जाळ्यात गुंतून वाढते. ती डोळ्यावर, श्वासनलिकेवर, मणक्यावर दाब आणू शकते आणि पूर्ण कापायला गेले तर मज्जातंतूच दुखावतो.

या गाठी ज्या आजारात होतात, त्याचे वर्णन जर्मन डॉक्टर फॉन रेकलिंगहाउझेन यांनी 1882 मध्ये केले. दोषी जनुक सापडायला 1990 उजाडले. या जनुकाचे प्रथिन पेशींच्या वाढीला ब्रेक लावते. ब्रेक निकामी झाला की वाढीचा संदेश सुरूच राहतो. त्या संदेशसाखळीतली 'मेक' ही कडी अडवणारे औषध म्हणजे सेल्युमेटिनिब.

ते मुलांवर तपासायचे कसे? आपल्या गडचिरोलीचेच उदाहरण घ्या. बालन्यूमोनियाचा उपचार गावातच देऊन काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 58 गावांत उपचार दिले आणि 44 गावांशी तुलना केली. निष्कर्ष 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. न्यूमोनिया झालेल्या मुलांतले मृत्यू उपचाराच्या गटात 0.8 टक्के, तर तुलनेच्या गावांत 13.5 टक्के होते.

न्यूमोनिया गावोगावी होता. ही गाठ मात्र दुर्मिळ. तुलनेसाठी वेगळा गट जमवणे कठीण. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. ब्रिगिट विडेमन आणि सहकाऱ्यांनी 50 मुलांना औषध दिले, एमआरआयवर गाठीचे आकारमान मोजले आणि हे औषध न घेतलेल्या मुलांच्या आधीच्या नोंदींशी तुलना केली. 35 मुलांची गाठ किमान 20 टक्क्यांनी लहान झाली. अनेकांच्या वेदनाही कमी झाल्या. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

औषधाने गाठ नाहीशी होत नाही. पुरळ, जुलाब होतात; हृदय आणि डोळे तपासत राहावे लागतात. चाचणीत 5 मुलांचे औषध त्रासामुळे थांबवावे लागले.

वयात येण्यापूर्वीच्या मुलाच्या अंगावर दुधाच्या चहासारख्या रंगाचे, 5 मिलिमीटरहून मोठे 6 किंवा जास्त डाग असतील, तर डॉक्टरांना दाखवा. आणि जुने रिपोर्ट, फिल्म फेकू नका. गाठ वाढली की घटली, हे जुन्या नोंदीशी ताडूनच कळते.