शिकलेले सोबत नेताना

मीरा-भाईंदरच्या धर्मग्रामांतील मुलेमुली आता कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन येथील विद्यापीठांकडे अर्ज करू लागली आहेत. येथे कॉलेजची दोन वर्षे पुरी केल्यावर तेथे पुढच्या वर्गात घेतील काय, हा प्रश्न पालक आमच्याकडेही आणतात. प्रवेश पुष्कळदा मिळतो. पण येथे शिकलेल्यापैकी तेथे किती धरले जाईल, हे कळेपर्यंत घरची ठेव मोडलेली असते.

प्रश्न नवा नाही. 1233 साली पोप ग्रेगरी नववे यांनी तुलूझ विद्यापीठाच्या अध्यापकांना पुन्हा परीक्षा न देता कोठेही शिकवण्याची मुभा दिली. तरीही पॅरिस आणि ऑक्सफर्डच्या पंडितांना परस्परांची पदवी डोळे मिटून मान्य करणे रुचले नाही. पोपमहोदयांच्या शब्दापुढेही विद्यापीठे आपला हेका सोडत नसत!

आपल्या शेजारच्या गोव्याचेच पाहा. पणजीची वैद्यकीय शाळा 1842 सालची. तिचे पदवीधर पोर्तुगीजांच्या आफ्रिकी वसाहतींत डॉक्टर म्हणून चालत. परंतु खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर तेथील विद्यालयात अधिक अभ्यास करून पुन्हा परीक्षा द्यावी लागे. राजसत्ता एक, ध्वज एक, पण विद्येचे मोल मात्र दोन.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कागदपत्रांची वाटचाल आम्हांला सर्वांत बोधक वाटते. मुंबई विद्यापीठाची बी.ए. घेऊन, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व 1915 साली एम.ए. झाले. 1916 साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले, तेव्हा कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी तेथील प्राध्यापक फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले होते. या विद्यार्थ्याला जिंकण्यासारखे येथे फारसे उरलेले नाही, असा फॉक्सवेल यांचा अभिप्राय पडला. एवढे असूनही लंडनमध्ये त्यांचे नाव मास्टरच्या पदवीसाठीच नोंदले गेले. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती संपली आणि परतावे लागले. पुस्तकांचे सामान आणणारे जहाज महायुद्धात बुडाले. पण विद्यापीठाने त्यांना चार वर्षांपर्यंतची रजा दिलेली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, 1921 साली एम.एस्सी. आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. कोलंबियाच्या पीएच.डी.ला तर प्रबंध छापून दाखल करण्याची अट होती. तो 1925 साली छापला गेला आणि पदवी हाती आली 1927 साली! ती रजा लेखी नसती, तर 1920 साली पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला असता, असे आम्हांला वाटते.

आज हिशेब श्रेयांकांत, म्हणजे मुलांच्या भाषेत क्रेडिटमध्ये, होतो. सत्रभर दर आठवड्यास एक तास व्याख्यान, म्हणजे साधारणतः एक श्रेयांक. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 साली श्रेयांकांची पेढी स्थापण्याचे नियम केले, तर 2022 च्या नियमांनी भारतीय व परदेशी संस्थांच्या जोड-अभ्यासक्रमांना वाट करून दिली. त्यांतील ट्विनिंग प्रकारात परदेशी संस्थेचे श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या 30 टक्क्यांपुरतेच धरले जातात. मात्र ही सोय आपसांत करार केलेल्या संस्थांसाठी आहे. करार नसेल तर निर्णय सर्वस्वी त्या परदेशी विद्यापीठाचा, आणि ते गुणांच्या टक्केवारीआधी काय शिकवले व किती तास शिकवले, हे पाहते. ‘अर्थशास्त्र, पेपर दुसरा’ एवढ्या नावावरून तेथल्या प्राध्यापकाला काय उमगणार?

म्हणून विद्यापीठाच्या मोहोरबंद गुणपत्रकांबरोबर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यानिशी मागून घ्यावा. अभ्यासक्रम बदलत असतात. तेव्हा आपण ज्या वर्षी शिकलो त्याच वर्षाचा हवा. तो आधी पाठवून, कोणते विषय धरले जातील याचे उत्तर शुल्क भरण्यापूर्वी लेखी मागवावे.