गिन्नी (तळटीप)

१२. गिन्नी : इतवारीच्या सराफ्यात गिन्नी म्हणून ओळखले जाणारे हे नाणे म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. वजन ७.९८ ग्रॅम, सोने २२ कॅरट. एका बाजूस राजाची वा राणीची छबी. दुसऱ्या बाजूस बहुधा ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार सेंट जॉर्ज (पिस्त्रुचीची रचना, १८१७). घोड्याखालच्या जमिनीवर बारीक ‘आय’ अक्षर असलेली जुनी गिन्नी मुंबईत पाडलेली, १९१८ची. अमेरिकेचे ‘गोल्ड ईगल’ (१९८६पासून) हेही २२ कॅरटचेच. मात्र त्याच्या मोठ्या नाण्यात एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, शुद्ध सोने असते. माळेसाठी कडी डाकलेल्या गिन्नीला संग्राहक सहसा सोन्याच्या भावाहून अधिक देत नाहीत.