टोंकिनचे आखात : एका अनुवादाचे युद्ध

युद्धाच्या इतिहासात बंदुकीला जे स्थान मिळते ते कानाला मिळत नाही. व्हिएतनाममध्ये मात्र अमेरिकेचे कान तिच्या मोठ्या फौजांच्या बरेच आधी पोहोचले होते. मे १९६१ मध्ये सायगावच्या तान सन न्हुत तळावर 'तिसरे रेडिओ संशोधन पथक' दाखल झाले. त्यातील 'संशोधन' हे केवळ आवरण. शत्रूचे बिनतारी संदेश टिपणे आणि त्याच्या प्रक्षेपकांचा ठाव घेणे हे त्याचे खरे काम होते. पुढे ह्युए शहराजवळ फू बाई येथेही श्रवणकेंद्र उभे राहिले.

२ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या तीन टॉर्पेडो बोटींनी 'मॅडॉक्स' या अमेरिकन विनाशिकेवर हल्ला केला. ४ तारखेला फू बाईहून दुसऱ्या हल्ल्याचा इशारा आला. त्या रात्री 'मॅडॉक्स' आणि 'टर्नर जॉय' यांनी अंधारात गोळीबार केला; पण काही तासांतच तेथील प्रमुखाने स्वतःच शंका कळवली. तरीही हवाई हल्ले झाले. ७ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ०, तर सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मुभा दिली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील इतिहासकार रॉबर्ट हॅन्योक यांचा या प्रकरणावरील अभ्यास २००५ मध्ये खुला झाला. त्यांच्या निष्कर्षानुसार ४ तारखेला हल्ला झालाच नाही. व्हिएतनामी नौदल त्या रात्री आधी नादुरुस्त झालेल्या बोटी सावरण्यात गुंतले होते. एका संदेशातील 'दोन साथी' गमावल्याचा उल्लेख अनुवादात 'दोन बोटी' असा झाला. संबंधित संदेशांपैकी सुमारे ९० टक्के अहवालांबाहेरच राहिले. यामागे हॅन्योक यांना वरिष्ठांचा राजकीय कट दिसत नाही. आधीची चूक झाकण्याची मधल्या अधिकाऱ्यांची धडपड दिसते.

साहित्याच्या अभ्यासकाला यातील प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल : मूळ पाठ, त्याचा अनुवाद, त्यातून केलेली निवड आणि अखेर संपादित प्रत. सिनेटच्या हाती आली ती संपादित प्रतच. मूळ संहितेशी ताडून पाहण्याची आपली सवय अनेकदा पांडित्याचा सोस मानली जाते. येथे ती वेळीच कोणी पाळली असती, तर निदान त्या मतदानापूर्वी प्रश्न तरी विचारले गेले असते.