पीटचा धूर आणि मोहाचे फूल

दारूच्या चवीविषयी कामगार चळवळीतील माणसाने बोलावे, हे काही मंडळींना रुचणार नाही. त्यांचे म्हणणे आम्हांला समजते. पगाराच्या रात्री लालबाग-काळाचौकीच्या चाळींतून जे घडत आले आहे ते आम्ही पुष्कळ पाहिले आहे, आणि दारूची तरफदारी करावयास आम्ही येथे आलेलो नाही. परंतु कामगाराने काय प्यावे हे ठरविले कोणी, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर थोडे दुरून, स्कॉटलंडवरून, यावे लागते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयला नावाचे बेट आहे. वारा फार, झाडे थोडी. त्यामुळे तेथे सरपण म्हणून पीट जाळीत. पीट म्हणजे पाणथळ जमिनीत हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेला शेवाळाचा व झुडपांचा थर. कोळसा होण्याच्या वाटेवर अडकलेला म्हणा. त्याच्या विटा कापून उन्हावाऱ्यात वाळवितात. व्हिस्कीसाठी सातू भिजवून मोड आणले की ते सुकविण्यास खाली पीट पेटवितात आणि ओल्या दाण्याला धूर चिकटतो. धुरातील फिनॉल जातीची द्रव्ये आंबवण व भट्टी या दोन्हींतून बऱ्याच अंशी टिकून पेल्यापर्यंत येतात. आयलाच्या कडक धुरकट व्हिस्कीसाठी वापरलेल्या सातूत त्यांचे प्रमाण दहा लाख भागांत चाळीस-पन्नास भाग एवढेच असते. पण तेवढ्याने डांबराची, औषधाची, समुद्रकाठची छटा येते. मुख्य भूमीवरील पीटमध्ये लाकडाचा अंश अधिक, म्हणून त्याचा धूर निराळा आणि चवही निराळी. गोवऱ्यांवर भाजलेला हुरडा आणि गॅसवर भाजलेला हुरडा यांतील भेद ज्याला कळतो, त्याला हे शास्त्र वेगळे शिकवावयास नको.

पण ही चव केवळ मातीने टिकविली नाही. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील बहुतेक दारू चोरटी होती. कर भारी, भट्टीचे नियम मोठ्या कारखानदाराच्या सोयीचे. मग लहान शेतकरी रात्री दरीत भट्टी लावी. १८२३ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा बदलला. कर उतरविला आणि वर्षाला दहा पौंड भरून चाळीस गॅलनच्या लहान भट्टीलाही परवाना दिला. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथ याने तसा परवाना काढला. चोरटा धंदा करणारे शेजारी त्याच्यावर इतके खवळले की तो पिस्तुले बाळगून हिंडत असे. कालांतराने शेजारीही कायद्यात आले वा धंदा सोडून गेले. भट्टी मात्र आपल्या गावी, आपल्या पाण्याजवळ राहिली, आणि आज जग तिच्या चवीचे दाम मोजते.

आता आपल्याकडे पाहू. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात सातू नव्हते, पीट नव्हते, मोह होता. फाल्गुन-चैत्रात पहाटे त्याची रसाळ फुले गळतात. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा साफ करतात आणि बायका-मुले फुले वेचून उन्हात वाळत घालतात. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर. तीच वारल्यांची, कातकऱ्यांची टंचाईतली भाकरी आणि तीच भिजवून, आंबवून, मडक्यातून उतरविलेली दारू. फूल नीट वाळले की ओलीत कुबट झाले, मडके मातीचे की तांब्याचे, खाली लाकूड कोणते, हे सारे त्या दारूत उतरे. गंमत अशी की इंग्रजी लेखकांनीच या मोहाच्या दारूची तुलना आयरिश व्हिस्कीशी केलेली आहे.

ज्या राज्यकर्त्यांनी १८२३ साली घरच्या लहान भट्टीला दार उघडले, त्यांनीच १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा करून येथल्या लहान भट्टीला दार लावले. गावोगावच्या भट्ट्या बंद करून सरकारी पहाऱ्याखालच्या मोजक्या मोठ्या भट्ट्यांतच दारू गाळावयाची आणि गॅलनवर कर घ्यावयाचा, असे धोरण ठरले. कारण उघड आहे: शंभर पाड्यांतली मडकी मोजण्यापेक्षा एका फाटकावर पिंपे मोजणे सोपे. ताडामाडाच्या झाडांवरचा करही वाढला. तो भंडाऱ्यांना जाचला. मुंबईला दारू पुरविणाऱ्या भट्ट्या उरणला होत्या, बहुतेक पारशी मालकांच्या, आणि त्यांना फूल येई थेट पंचमहालातून. एवढ्यानेही भागले नाही. १८९२ साली मोहाच्या फुलांचाच कायदा झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत परवान्यावाचून ठराविक मर्यादेपलीकडे फूल बाळगणे हाच गुन्हा ठरला. आयलाच्या माणसाला कोणी पीट घरात ठेवू नको म्हणून सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

स्वराज्य आले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने, एप्रिल १९५० पासून, सारेच बंद झाले. हेतू चांगला होता. आम्ही त्याची टिंगल करणार नाही. परंतु गिरणगावात त्यातून निघाली ती हातभट्टी. काळा गूळ, नवसागर आणि काय हाती लागेल ते. रबरी ट्यूबमधून माल येई आणि नवटाकाने विकला जाई. तिच्या चवीत कोणत्या गावची माती असणार? बंदी सैल झाल्यावर १९७३ साली सरकारने देशी दारूचे नियम केले. ही ‘देशी’ साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात पाणी आणि अर्क मिसळून बनते. बाटलीवर संत्रे असते. संत्र्याचा वास अर्काच्या बाटलीतून येतो. मोहवाल्याचा धंदा मळीवाल्याकडे गेला, हा याचा हिशेब. आणि ज्यांना तेवढेही परवडत नाही, ते मिथेनॉल मिसळलेल्या मालाला बळी पडतात. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरांहून अधिक माणसे मेली, ती जवळजवळ सारी हातावर पोट असलेली.

गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता, म्हणून १९४९ चा कायदा त्याला लागला नाही. तेथे काजूची बोंडे तुडवून, रस आंबवून, गावच्या भट्टीवर फेणी निघत राहिली आणि २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच गोव्यात कुंकळ्ळीस पॉल जॉन ही सिंगल माल्ट व्हिस्की होते. तिच्या धुरकट प्रकारांसाठी पीट मात्र जहाजाने स्कॉटलंडहून आणतात. काळाचौकीत दोडामार्ग-सावंतवाडीकडची घरे पुष्कळ आहेत, त्यांना पुढचे सांगावयास नको. काजू तोच, डोंगर तोच. सीमेपलीकडे बोंडाची फेणी होते. अलीकडे घरी भट्टी लावली तर पोलीस येतात, आणि बी काढून घेतल्यावर बोंडे बहुधा झाडाखालीच कुजत पडतात.