बोधनिक वर्तनोपचार

मनोविकारांवरील एक मानसोपचारपद्धती. ‘सीबीटी’ या संक्षिप्त नावानेही ती ओळखली जाते. विचार, भावना व वर्तन परस्परांवर परिणाम करतात. म्हणून सदोष विचार व वर्तन बदलल्यास मानसिक त्रास कमी होतो, हे तिचे मूलतत्त्व. अवसाद, चिंता, भयगंड, कल्पना-कृती अनिवार्यता इ. विकारांत ती वापरतात.

तिच्या इतिहासात दोन प्रवाह एकत्र आले. पहिला वर्तनवादी. सशाला भिणारा एक मुलगा आवडीचे खाद्य खात असता ससा क्रमाक्रमाने जवळ आणून मेरी कव्हर जोन्स यांनी त्याचे भय घालविले (१९२४). पुढे जोझेफ वोल्प यांनी क्रमशः भयनिवारणाची पद्धती मांडली (१९५८). दुसरा प्रवाह बोधनिक. अविवेकी समजुतींना आव्हान देणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती ॲल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास सुरू केली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला व ही पद्धती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली.

फिलाडेल्फियाचे एरन बेक (१९२१–२०२१) हे मूळचे मनोविश्लेषक. अवसादग्रस्ताचा क्रोध स्वतःकडे वळलेला असतो व दुःख भोगण्याची त्यास सुप्त गरज असते, हा सिद्धांत रुग्णांच्या स्वप्नांवरून सिद्ध करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तथापि स्वप्नांत त्यांना हानी, अपयश व अव्हेर हेच विषय प्रामुख्याने आढळले. जागेपणीही ‘मी निरुपयोगी आहे’ यांसारखे विचार रुग्णांच्या मनात आपोआप येत. तेव्हा बेक यांनी तो सिद्धांत सोडून दिला. रुग्णास दुःखच हवे असते, हा ठपकाही त्यामुळे दूर झाला.

पुराव्याची हीच कसोटी त्यांनी उपचारात आणली. रुग्ण क्लेशदायक विचार प्रसंगासह लिहून काढतो, त्यास अनुकूल व प्रतिकूल पुरावा तपासतो आणि छोट्या कृतींतून त्याचा पडताळा घेतो. चिकित्सक या शोधात त्याचा सहकारी असतो.

ही पद्धतीही चाचण्यांतून पारखली गेली. ४१ अवसादग्रस्तांच्या चाचणीत (१९७७) ती इमिप्रामीन या औषधापेक्षा सरस ठरली. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ही सरशी टिकली नाही. दोन्ही उपचार साधारणतः तुल्यबळ दिसले. मात्र उपचार थांबविल्यावर विकार उलटण्याचे प्रमाण औषधापेक्षा या पद्धतीत कमी आढळले. इंग्लंडने २००८ पासून सार्वजनिक आरोग्यसेवेत तिचा व्यापक प्रसार केला. छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र विकारांत मात्र ती औषधोपचारास पूरक म्हणूनच उपयुक्त ठरते.