अठ्ठावन्नानंतरचे बाबा

श्रोतेहो, आपल्या गावातले गुरुजी पेन्शनीत निघाले म्हणजे शाळेत नारळ-शाल होते, चार भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींना प्रश्न पडतो की आता जायचे कुठे? शेतकऱ्याचे तसे नाही. मोहफुलाच्या दिवसांत भल्या पहाटे टोपली घेऊन रानात निघालेल्या आमच्या झाडीतल्या म्हातारीला तिचे वय कोणी विचारीत नाही.

वयाचा आकडा ठरवून पेन्शन देण्याची रीत तशी अलीकडची. जर्मनीत बिस्मार्कच्या अमदानीत १८८९ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला. त्यात वय होते ७०, ते १९१६ साली ६५ झाले. आपल्याकडे इंग्रजी अमलात सरकारी नोकर साधारणपणे ५५ व्या वर्षी मोकळा होई. महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक नोकरांना आज ५८ ही मर्यादा आहे. आता हा ५८ चा आकडा हाती धरून आपण वरोऱ्याला जाऊ.

बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. वकिली सोडून त्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर १९५१ साली कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन सुरू केले, १९६७ पासून मूल तालुक्यात सोमनाथचे काम उभे राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. सरकारी नोकरीत असते तर १९७२ च्या डिसेंबरात ते पेन्शनीत निघाले असते. पाठीच्या मणक्याच्या दुखण्याने शरीरही जेरीस आले होते. पुढे पुढे तर बसणेच अशक्य झाले. उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे.

अशा माणसाने २३ डिसेंबर १९७३ रोजी, एकोणसाठ पुरे व्हायला तीन दिवस उरले असताना, भामरागडच्या रानात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता. तो झाला १९८२ साली. भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. पावसाळा लागला की नद्या-नाले वाट अडवीत, आणि महिनोन् महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. पक्का रस्ता नाही, वीज नाही. परका माणूस दिसला की माडिया लोक बिचकून दूर राहत. सुरुवातीचा दवाखाना चालला तो झाडाखाली.

या रानात पहिली झोपडी बांधायला मदतीला कोण आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आनंदवनात बरे झालेले कुष्ठरोगी आले. ज्यांना घराने आणि गावाने ऐन उमेदीतच कामातून बाद केले होते, ती ही माणसे! आमच्या मते पेन्शनीपेक्षा ही सक्तीची निवृत्ती फार क्रूर.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांनी हटून बसायचे आणि पोरांनी वाट पाहायची, हा कुठला न्याय? गुरुजनहो, आक्षेप खोटा नाही. पदवी घेऊन नोकरीविना बसलेली मुले आपल्या आळीतच आहेत. पण हेमलकशाला काय झाले ते पाहा. धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश १९७४ साली नागपूरचे पुढचे शिक्षण टाकून तिथे आले, सोबत पत्नी डॉ. मंदाकिनी. काम त्यांचे झाले. १९७६ साली त्यांनी शाळाही काढली. आनंदवनाचा कारभार पुढे थोरल्या डॉ. विकास यांच्याकडे आला. बाबांनी काम सोडले नाही, जागा मात्र सोडल्या.

अण्णासाहेब कर्वे यांचेही असेच. १९१४ साली ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले, ५८ व्या वर्षी म्हणजे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, आणि खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले ते १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. जुनी खुर्ची अडवून नव्हे. अर्थात दोघांच्याही घरच्या माणसांनी काय सोसले, तो निराळ्या भाषणाचा विषय आहे.

असो. बाबांकडे परत येऊ. डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तरीच्या सुमारास, ते कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ म्हणत काश्मीरकडे निघाले. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर, आणि बाबा मोटारीत आडवे पडून. १९९० साली, पंच्याहत्तरी उलटल्यावर, आनंदवन मागे ठेवून नर्मदाकाठच्या कसरावदला जाऊन राहिले. धरणाखाली ज्यांची घरे जाणार होती त्यांच्या शेजारी सुमारे दहा वर्षे काढली. सरदार सरोवर झालेच. बाबा आनंदवनात परतले, आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी तिथेच वारले. त्यांचा देह आनंदवनाच्याच मातीत ठेवला आहे.

त्याच वर्षी हेमलकशाच्या कामासाठी प्रकाशभाऊ आणि मंदाताई यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा प्रकाशभाऊंचे वय होते ५९.