द बँड्स व्हिजिट

द बँड्स व्हिजिट (हिब्रू नाव: बिकूर हा-तिझमोरेत, अर्थात 'वाद्यवृंदाची भेट') हा २००७ साली प्रदर्शित झालेला इस्रायली चित्रपट आहे. एरान कोलिरिन यांनी त्याचे लेखन व दिग्दर्शन केले असून पूर्ण लांबीचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट होय. इजिप्तच्या पोलीस दलातील एक छोटे वाद्यपथक इस्रायलमध्ये वाट चुकते आणि एका आडगावात रात्रभर अडकून पडते, एवढेच याचे कथाबीज. दोन्ही देशांत १९७९ साली शांतता करार झाला असला, तरी त्यापूर्वीच्या युद्धांची सावली सामान्य माणसांच्या मनावरून सरली नव्हती. चित्रपट या राजकारणाविषयी जवळजवळ काहीच बोलत नाही. तथापि पडद्यावरचा प्रत्येक अवघडलेला क्षण त्याच्यामुळेच अर्थपूर्ण होतो.

== कथानक ==

अलेक्झांड्रियाच्या पोलीस दलातील आठ वादक फिकट निळ्या गणवेशात विमानतळावर उतरतात. पेताह तिकवा या शहरातील अरब सांस्कृतिक केंद्राच्या उद्घाटनप्रसंगी त्यांचे वादन व्हायचे असते. त्यांना न्यायला कोणीच येत नाही. पथकप्रमुख तौफिक हे शिस्तप्रिय, मितभाषी गृहस्थ. कोणाची मदत मागणे त्यांना कमीपणाचे वाटते. खालेद हा तरुण वादक बसची चौकशी करतो आणि पथक भलत्याच बसमध्ये बसते. अरबी भाषेत 'प' हा ध्वनी नाही. त्याच्या जागी 'ब' उच्चारला जातो. त्यामुळे 'पेताह तिकवा'ऐवजी पथक वाळवंटातील 'बेत हातिकवा' या गावी पोहोचते. पहिल्या नावाचा अर्थ 'आशेचे द्वार', दुसऱ्याचा 'आशेचे घर'. पेताह तिकवा हे खरे शहर आहे, बेत हातिकवा मात्र काल्पनिक.

परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळी असते आणि गावात हॉटेल नसते. खानावळ चालवणारी दिना ही स्पष्टवक्ती स्त्री पाहुण्यांना जेवू घालते आणि त्यांची मुक्कामाची सोय लावते: काहींची आपल्या घरी, काहींची खानावळीत, तर काहींची इत्झिक या बेकार तरुणाच्या घरी. येथून पुढे कथानक असे फारसे उरत नाही. इत्झिकच्या घरी वाढदिवसाचे जेवण चाललेले असते आणि नको असलेल्या पाहुण्यांमुळे सारे गप्प असतात. अखेर एक जुने अमेरिकन गीत सर्वांना ठाऊक असल्याचे ध्यानात येते व मेजाभोवतीचे सर्वजण ते गाऊ लागतात. गावातला एक तरुण प्रेयसीच्या फोनची वाट पाहत रोज रात्री सार्वजनिक दूरध्वनीपाशी उभा राहतो. पापी (मराठी वाचकाला हे नाव चमत्कारिक वाटेल, पण मुलगा अगदी निष्पाप आहे) मुलींशी बोलायला धजत नाही. स्केटिंगच्या सभागृहात खालेद त्याच्या शेजारी बसून, एक अक्षरही न बोलता, रडणाऱ्या मुलीचे सांत्वन कसे करावे हे त्याला खुणांनी शिकवतो. मूकपटांच्या परंपरेत शोभावा असा हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत विनोदी आणि सर्वांत कोमलही आहे.

दिना तौफिक यांना गावातल्या उपाहारगृहात नेते. पूर्वी इस्रायली दूरचित्रवाणीवर शुक्रवारी दुपारी अरबी चित्रपट दाखवत. लहानपणी त्यातील ओमर शरीफ यांच्यावर आपण कसे भाळलो होतो, हे ती सांगते. रात्र चढत जाते तसे तौफिक आपल्या मुलाच्या व पत्नीच्या मृत्यूविषयी, आणि त्याबद्दल स्वतःला लागलेल्या बोलाविषयी बोलतात. दोघांमध्ये जवळीक निर्माण होते, परंतु तिचे पर्यवसान प्रेक्षक अपेक्षितो तसे होत नाही. सकाळी पथक निघून जाते.

== भाषा व ऑस्करचा वाद ==

पात्रे आपापसांत अरबी वा हिब्रू बोलतात, पण एकमेकांशी बोलताना मोडक्यातोडक्या इंग्रजीचाच आधार घेतात. ही भाषा दोघांचीही नसल्याने कोणीच वरचढ ठरत नाही. शब्द अपुरे पडतात आणि म्हणून माणसे जपून, सरळ बोलतात. चित्रपटाचा सारा आशय या अडखळण्यात आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. नेमक्या याच गुणाने त्याचा घात केला. इस्रायलने तो परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी पाठवला असता, निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत असल्याच्या कारणावरून अकादमीने तो अपात्र ठरवला. त्याच्या जागी गेलेल्या 'बोफोर'ला नामांकन मिळाले.

== कलावंत व चित्रीकरण ==

तौफिकची भूमिका बगदादमध्ये जन्मलेले ज्यू अभिनेते सासोन गबाई यांनी, तर दिनाची रोनित एल्काबेत्झ (मृत्यू २०१६) यांनी केली आहे. खालेद झालेले सालेह बाक्री हे पॅलेस्टिनी अभिनेते मोहम्मद बाक्री यांचे पुत्र. संगीत हबीब शहादा हन्ना यांचे आहे. नेगेव वाळवंटातील येरुहाम या गावी चित्रीकरण झाले. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यूंबरोबरच कोकणातून गेलेले मराठीभाषक बेने इस्रायलीही या गावी वसले आहेत, ही माहिती मराठी वाचकास रोचक वाटावी.

== गौरव व संगीतिका ==

२००७ च्या कान महोत्सवातील 'अं सर्तें रगार' विभागात चित्रपट दाखवला गेला व तेथे त्याला समीक्षकांचा फिप्रेस्सी पुरस्कार लाभला. इस्रायलचे आठ ओफिर पुरस्कार त्याने मिळवले; गबाई युरोपीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. ज्यांच्याशी संवाद साधण्याची ही कथा, त्या अरब जगात मात्र कैरो व अबू धाबी येथील महोत्सवांची दारे तिला बंद राहिली.

चित्रपटावर आधारित संगीतिका नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रॉडवेवर आली. तिची संहिता इटामार मोझेस यांची, तर गीत-संगीत डेव्हिड याझ्बेक यांचे. २०१८ साली तिला सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह दहा टोनी पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी गबाई यांनी तौफिकची भूमिका पुन्हा एकदा, या वेळी रंगमंचावर, साकारली.